लैंगिक प्रश्नांची चर्चा : काही आवश्यक संकेत

लैंगिक विषयांची चर्चा चारचौघांत करावी की करू नये, हा वाद महाराष्ट्रात शंभर वर्षे चालू आहे. आता तो निरर्थक झाला आहे, कारण ही चर्चा आपल्या संमतीची वाट पाहत थांबलेली नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर, एस. टी. च्या मागल्या बाकावर आणि प्रत्येक खिशातल्या मोबाइलवर ती अहोरात्र चाललेली असते. फरक इतकाच की, ज्यांना या विषयातले काही कळते ते तिच्यात भाग घेत नाहीत आणि ज्यांना काहीच कळत नाही ते अधिकारवाणीने बोलत असतात. तेव्हा ही चर्चा कोणी, कोणापुढे आणि कोणते संकेत पाळून करावी, हा आजचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील पहिला गंभीर विचार रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या वाट्याला आला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सतत तोटा सोसून, ते चालवले. या मासिकातील लेखांइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे. जे प्रश्न वडिलांना विचारता येत नव्हते, वैद्याला विचारण्याचे धैर्य होत नव्हते आणि मित्राला विचारले तर थट्टा होण्याची धास्ती होती, ते प्रश्न लोक पोस्टाने कर्व्यांकडे पाठवीत. कर्वे त्यांना थोडक्यात, कोरडी म्हणावीत अशी उत्तरे देत. उपदेश करणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

नेमक्या या प्रश्नोत्तरांवरच खटला झाला. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झालेलाच होता. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली आणि दोनशे रुपये दंड झाला. या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. लैंगिक प्रश्नावर लिहिलेले सारेच अश्लील मानता येणार नाही आणि समाजात विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तो त्या दिवशी न्यायालयाला पटला नाही. त्या काळी अश्लीलतेची कसोटी म्हणून इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्याचा निर्णय प्रमाण मानला जाई. ज्यांची मने बिघडू शकतात अशांच्या हाती लेखन पडले तर काय होईल, एवढेच ती कसोटी पाहत असे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी स्वीकारली आणि २०१४ साली ती सोडून दिली. आता लेखन संपूर्ण वाचून, समकालीन समाजाच्या दृष्टीने त्याचा विचार होतो. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन अश्लीलतेच्या कलमातून वगळण्याची तरतूद तर १९६९ पासूनच आहे. म्हणजे कायदा कर्व्यांच्या बराच जवळ आला आहे. समाजाबद्दल मात्र असे सहज म्हणता येत नाही.

मौनाची किंमत

हे मौन कोणाला महाग पडते, याचा पुरावा आपल्या विदर्भातच उपलब्ध आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग जडलेला होता आणि अशी तपासणी पूर्वी कधी तरी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. हा आकडा रोगाचा आहे तसा मौनाचाही आहे. अंगावरून पांढरे जाते हे सासूला सांगायचे नाही, नवऱ्याला सांगण्याची सोय नाही आणि डॉक्टर पुरुष असल्यामुळे त्याच्यापुढे बोलायचे कसे, अशा तिहेरी कुंपणात बायका वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढीत होत्या.

मुलामुलींना हे ज्ञान फार लवकर नको, असे म्हणणारे पालक अनेक आहेत. त्यांनी आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, वीस ते चोवीस वर्षे वयाच्या महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले आढळले. ज्या मुलीला आपण संसार करण्याइतकी मोठी समजतो, तिला स्वतःच्या शरीराची माहिती घेण्याइतकी मोठी समजत नाही, ही विसंगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे.

२००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाविरुद्ध गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्यातील चित्रे उघडीवाघडी आहेत, हा आक्षेपाचा मुख्य भाग होता. हा आक्षेप घेणाऱ्या सर्वांनाच प्रतिगामी ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. आपल्या मुलापुढे कोण, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या हेतूने बोलणार आहे, हे जाणून घेण्याचा पालकांना अधिकार आहे. पण या शंकेला विषय बंद करणे हे उत्तर नव्हे. चर्चेचे संकेत आधीच ठरवून ते पालकांपुढे उघडपणे मांडणे, हे त्याचे उत्तर आहे.

लहान गावाची अडचण

हे संकेत ठरवताना मुंबई-पुण्याचा विचार करून भागणार नाही. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. अशा गावात शिक्षक मुलाच्या वडिलांना ओळखतो, औषधाच्या दुकानातला माणूस आत्याच्या सासरचा असतो आणि आशाताई तर आपल्याच गल्लीतली असते. कर्व्यांना पत्र लिहिणारा माणूस टपालाच्या पाकिटामागे सुरक्षित होता. लहान गावात ही सुरक्षितता नसते. शाळेत शंकापेटी ठेवली तरी वर्गशिक्षक अक्षर ओळखतो. आणि शिक्षकाने नाही ओळखले तरी चिठ्ठी टाकताना कोणी पाहिले, याची बातमी मधल्या सुट्टीपर्यंत सर्वत्र पोहोचते. म्हणून येथे चर्चेची शिस्त शहरापेक्षा अधिक काटेकोर हवी.

पहिला संकेत शब्दांविषयीचा आहे. या विषयासाठी सामान्य मराठी माणसाजवळ दोनच प्रकारचे शब्द असतात : शिवीतले आणि संस्कृत ग्रंथातले. पहिले उच्चारता येत नाहीत आणि दुसरे कळत नाहीत. म्हणून मुलाने एखादा ओबडधोबड शब्द वापरून प्रश्न केला तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. त्याच्यापाशी तेवढाच शब्द असतो. प्रश्न त्याच्या शब्दात घ्यावा आणि उत्तर देताना शिस्न, योनी, वीर्य, मासिक पाळी हे शब्द कोणताही आढेवेढा न घेता, यकृत किंवा फुप्फुस म्हणावे तितक्या सहजपणे वापरावेत. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा भाग आहे. तो घरी वाचून घ्या असे सांगणारा शिक्षक, हा विषय लाजेचा आहे एवढा एकच धडा शिकवून जातो.

दुसरा संकेत नावाविषयीचा. शंका निनावी असाव्यात. मुलींनी आणि मुलांनी, प्रश्न असो वा नसो, प्रत्येकाने चिठ्ठी टाकावी. ज्याला काही विचारायचे नसेल त्याने कोरी टाकावी. म्हणजे चिठ्ठी कोणी टाकली याला अर्थ राहत नाही. पेटी शाळेतल्या शिक्षकाने न उघडता आरोग्य केंद्रातील परिचारिकेने किंवा बाहेरगावच्या डॉक्टरने उघडावी आणि प्रश्न आपल्या शब्दांत वाचावा. उदाहरण देताना गावातल्या कोणाचीही आठवण होईल अशी गोष्ट सांगू नये. नाव न घेता सांगितलेली हकीकतही लहान गावात नाव घेतल्यासारखीच असते.

तिसरा संकेत असा की, कोणालाही स्वतःचा अनुभव विचारू नये आणि बोलणाऱ्यानेही आपला सांगू नये. ही चर्चा ज्ञानाची आहे. कबुलीजबाब घेण्याचा तिला अधिकार नाही. गप्प बसणाऱ्याला गप्प बसू द्यावे. काही विषय मुलामुलींसमोर एकत्र मांडावेत, काही वेगवेगळ्या बैठकांत मांडावेत. मात्र मुलांना पाळीची आणि मुलींना मुलांच्या शरीरातील बदलांची माहिती मिळणारच नाही, अशी वाटणी करू नये.

चौथा संकेत ठाऊक काय आणि ठाऊक नाही काय, हे वेगळे ठेवण्याचा. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अनेक थेंब, ही समजूत अजून सुशिक्षितांतही आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा वा नपुंसकत्व येत नाही, ही गोष्ट वैद्यकाने केव्हाच स्पष्ट केली आहे. तरीही या भीतीवर एक मोठा धंदा उभा आहे. रस्त्याकडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात आणि औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा त्याच भिंतींसमोर निमूट उभा असतो. अशा वेळी उत्तर देणाऱ्याने आपले मत शास्त्र म्हणून सांगू नये. ठाऊक नसेल तर विचारून सांगतो म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची सल्ला केंद्रे चालवली जातात. त्यांचा पत्ता फळ्यावर लिहून देणे, हेही उत्तराइतकेच उपयोगी असते.

पाचवा संकेत अवहेलना न करण्याचा. चालण्याबोलण्यावरून वर्गात ज्याची टर उडवली जाते असा मुलगा जवळजवळ प्रत्येक शाळेत असतो. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ व्या कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल केला. हे एवढे दोन वाक्यांत सांगितले तरी त्या मुलाचे शाळेतले दिवस थोडे सुसह्य होतील. विधवा, परित्यक्ता, अविवाहित माता यांच्याविषयीच्या शेरेबाजीला जो नियम, तोच येथेही लावावा. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात काय आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते.

गुप्ततेची सीमा

आता सर्वांत कठीण प्रश्न. चिठ्ठीत एखादे दिवशी असा मजकूर निघतो की, नात्यातला एक मोठा माणूस मला नको तसा हात लावतो. त्या वेळी निनावीपणाचे वचन पाळायचे की मोडायचे? बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा येथे पर्याय ठेवत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. घराण्याची अब्रू वा संस्थेचे नाव या सबबी त्याला चालत नाहीत. दुसरीकडे, दोन सतरा वर्षांच्या मुलांमधील राजीखुशीचा संबंधही याच कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे विश्वासाने केलेल्या प्रश्नातून पोलीसचौकशी उभी राहू शकते.

या पेचातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे. बैठक सुरू होण्यापूर्वीच मुलांना स्पष्ट सांगावे : तुमच्या शंका आम्ही कोणालाही कळवणार नाही, पण कोणाला इजा होत असल्याचे आम्हांला कळले तर मात्र आम्ही गप्प बसणार नाही, बसूही शकणार नाही. एकटीने कोणाशी बोलायचे असेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे, हेही सांगावे. सर्व काही गुप्त राहील असे गोड वचन देऊन नंतर ते मोडणारा शिक्षक त्या मुलीचा विश्वासघात करतो. आणि वचनाला जागून गप्प बसणारा तिला पुन्हा त्याच घरी पाठवतो.

हे सारे संकेत पाहिले तर त्यांत नवे असे फारसे काही नाही. दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, त्याची लाज राखावी, ठाऊक नसलेले सांगू नये आणि संकटात असलेल्याला वाऱ्यावर सोडू नये, ही सभ्यतेची जुनीच तत्त्वे आहेत. आपण ती इतर सर्व विषयांना लावतो. या एका विषयाची वेळ आली की सभ्यता म्हणजे मौन अशी समजूत करून घेतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून तरुण मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने आणि तरीही अदबीने बोलता येते, हे दाखवून दिले आहे. तेव्हा ग्रामीण समाजाला हे पेलणार नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही.

यासाठी शासनाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीने पालकांची एक सभा घ्यावी, हे नियम वाचून दाखवावेत, त्यांच्या सूचना ऐकाव्यात, आणि वर्षातून दोन वेळा तालुक्यातील डॉक्टर व परिचारिका यांना बोलवावे. खर्च एका लाकडी पेटीचा. कर्व्यांना अशाच उत्तरांसाठी न्यायालयात उभे राहावे लागले होते आणि दंड भरावा लागला होता. आज कोणी दंड मागत नाही. शिक्षकाने खडू हातात घेऊन तो धडा वर्गात शिकवावा, एवढीच अपेक्षा आहे.