कुतच्या कैद्यांचा जाब

उचगावहून बेळगावला आलं की कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर लागतं. सीमाभागातल्या पोरांना पलटणीचं वेड लागतं ते इथूनच. या पलटणींच्या लढायांच्या गोष्टी आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्या कैदेची गोष्ट मात्र राहून जाते.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या वळणावर कुत-अल-अमारा इथं इंग्रज जनरल टाउनशेंडची फौज तुर्की वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आलं तेव्हा घोडे कापले गेले; पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सगळे कैद झाले. शुमरानच्या तळावर तुर्कांनी त्यांच्या हातावर दगडासारखी टणक बिस्किटं ठेवली. उपाशी पोटी ती खाऊन ओकाऱ्या-हगवणीनं कित्येक जण तिथंच गेले. उरलेल्यांना समाऱ्यापासून मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत उन्हातान्हात पायी हाकललं. अंगावरचे कपडे, पायातले बूट लुटले गेले. मागे पडेल त्याच्या पाठीत बंदुकीचा दस्ता बसे. पुढे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. सुमारे ९,३०० हिंदी शिपायांपैकी अंदाजे २,५०० परतले नाहीत. खुद्द टाउनशेंड त्या काळात इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात होते.

याचा जाब कोणी दिला? कैद्यांच्या छळाचा आरोप असलेले काही तुर्की अधिकारी इंग्रजांनी माल्टात डांबले होते. पण १९२१ मध्ये तुर्कांच्या ताब्यातल्या इंग्रजांच्या बदल्यात त्यांना सोडून दिलं. १९२३ च्या लोझान तहासोबत माफीही आली. राजकारणापुढे शिपायाच्या जिवाची किंमत शून्य ठरली, असंच मी म्हणेन.

त्याच १९२१ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या लाइपझिगच्या न्यायालयात जर्मन सैनिक कार्ल हाइनेन उभा होता. खाणीत उतरायला नकार देणाऱ्या इंग्रज कैद्यांना त्यानं मारहाण केली होती. शिक्षा झाली १० महिन्यांची. तुटपुंजी खरी, पण झाली.

हिंदी कैद्यांसाठी असा दिवस उजाडायला दुसरं महायुद्ध संपून जानेवारी १९४६ यावं लागलं. सिंगापुरात कॅप्टन गोझावा सादाइची आणि इतर नऊ जपान्यांवर खटला उभा राहिला, तो पलाऊ बेटांवर हिंदी युद्धकैद्यांच्या केलेल्या हालांसाठी. अन्नचोरीच्या आरोपावरून मोहम्मद शफी या शिपायाचा शिरच्छेद केल्याबद्दल लेफ्टनंट नाकामुराला फाशी सुनावली गेली. गोझावाला १२ वर्षं. भर न्यायालयात शफीचं नाव घेतलं गेलं, ही गोष्ट मला शिक्षेइतकीच मोठी वाटते.

कारण मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्यातल्या युद्धस्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. उचगाव असो की निपाणी, ज्यांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत त्या लढाईचं पदक, पेन्शनचा कागद किंवा एखादं पत्र पडून असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्यावरचं नाव, नंबर आणि गाव आजच उतरवून ठेवावं.