पावसात सायकल? इरल्याचा फंडा!

जूनमध्ये पाऊस लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच सायकली जिन्याखाली जातात. कारण विचाराल तर उत्तर ठरलेलं, 'रेनकोट घातला तरी भिजतोच की राव!' खरंय. बंद रेनकोटमध्ये पॅडल मारताना घामाची वाफ बाहेर पडत नाही. ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट आतूनच ओला!

मला तरी यावर पोंचोच पटला. डोक्यातून घालायचा, पुढचा भाग हँडलवर तंबूसारखा पसरायचा. वरून पाऊस अडतो, खालून हवा खेळते. आयडिया परदेशी वाटते? गगनबावड्याकडे भातलावणीला वाकलेल्या माणसांच्या पाठीवरचं इरलं आठवा! बांबूच्या कामट्या, मध्ये पानं. पाठ कोरडी, हात मोकळे. तोच फंडा.

पण पोंचो म्हणजे शीडच. रंकाळ्याच्या कडेनं वारा सुटला की तो फुगतो आणि सायकल बाजूला ढकलतो. म्हणून आतून कमरपट्टा आणि पुढे अंगठ्यात अडकवायचे लूप असलेलाच घ्या. सैल टोक चाकात गेलं तर थेट रस्त्यावर! रंग भडक पिवळा किंवा नारिंगी. हँडलवरचा दिवा झाकला जातो, तो खाली फोर्कवर लावा. मडगार्डही हवेच, चाकाचं पाणी खालून उडतं, तिथं पोंचो काय करणार?

वादळी वारा असेल किंवा पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं असेल, तर मात्र सायकल घरीच. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बाकीचे दिवस बिनधास्त निघा. ऑफिसात पोंचो झटका, खुंटीला टांगा आणि कडक चहा मागवा!