हरणाऱ्या नातवाचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत हयात घालवल्यावर माणसाला एक खोड जडते. कोणी तोट्यात गेल्याचे कानी आले, की सांत्वनाचे दोन शब्द बोलण्याआधी तो वही मागतो. गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या नातवाकडे अशीच वही मागितली. त्याचा तोटा पैशांचा नव्हता. तो संगणकावरील एका खेळात रोज हरत होता.

मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्यात असतात. नातू बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा देऊन सुट्टीसाठी जिंतूरला आमच्याकडे आला. परीक्षा मनासारखी गेली नव्हती आणि निकाल लागायचा होता. आमच्या भागातील मे महिन्याचे ऊन वाचकांना ठाऊक आहे. दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. तो खोलीचे दार लावून घेई, कानांवर हेडफोन चढवी आणि तास-दोन तासांनी काळवंडलेल्या चेहऱ्याने बाहेर येई. एके दिवशी ताटावरून अर्धवट उठताना तो म्हणाला, “आबा, मला काहीच जमत नाही. ना अभ्यास, ना हा साधा खेळ.”

त्या ‘काहीच’ या शब्दाने मी सावध झालो. ‘साहेब, सगळेच बुडाले’ असे सांगत येणारे कर्जदार मी पुष्कळ पाहिले. कागद मांडून बसलो, की बुडण्याचे कारण बहुधा दोन-तीन नोंदींतच सापडे. मी त्याला म्हटले, “बाळा, मला तो खेळ समजावून सांग.” त्याला हसू आले, पण त्याने खुर्ची सरकवून मला जागा दिली.

खेळाचे स्वरूप

त्या खेळाचे नाव व्हॅलोरंट. अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने तो जून २०२० मध्ये सर्वांसाठी खुला केला. खेळण्यास पैसे पडत नाहीत. पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक संघ ‘स्पाइक’ नावाचे स्फोटक ठराविक जागी लावू पाहतो, दुसरा त्याला अडवतो. स्पाइक लावण्यास ४ सेकंद लागतात, लावल्यानंतर ४५ सेकंदांत स्फोट होतो आणि तो निकामी करण्यास ७ सेकंद लागतात. जो खेळाडू पडतो तो खो-खोतील बाद गड्याप्रमाणे तो डाव संपेपर्यंत बाहेर बसतो. १२ डावांनंतर बाजू बदलतात. जो संघ आधी १३ डाव जिंकतो तो विजयी. १२-१२ अशी बरोबरी झाली तर खेळ पुढे चालतो.

शस्त्रे सर्वांना सारखीच मिळतात, परंतु प्रत्येक पात्राच्या अंगी वेगळी विद्या असते. कोणी धुराचा पडदा टाकतो, कोणी भिंत उभारतो, कोणी जखमी साथीदाराला बरे करतो. अशा पात्रांच्या नेमबाजी खेळांना २०१६ मध्ये आलेल्या ओव्हरवॉचने मोठी लोकप्रियता मिळवून दिली. व्हॅलोरंटमध्ये पाण्याच्या भिंती उभारणारा हार्बर नावाचा एक भारतीय पात्रही ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स हा व्यावसायिक संघ २०२३ पासून या खेळाच्या आशिया-पॅसिफिक विभागातील लीगमध्ये उतरला आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मोबाइलचा नाद’ म्हणून एका शब्दात उडवून लावतो, त्यातही शिस्तबद्ध सरावाचे एक जग आहे.

खेळाडूंच्या श्रेणी नऊ: आयर्न, ब्रॉन्झ, सिल्व्हर अशा चढत्या क्रमाने शेवटी रेडियंट. आमचे चिरंजीव सर्वांत खालच्या आयर्नमध्ये अडकले होते. येथे मी त्याला पहिली गोष्ट सांगितली. ही यंत्रणा प्रत्येकासाठी बरोबरीचे प्रतिस्पर्धी शोधते. बरोबरीच्यांशी खेळताना निम्म्याच्या आसपास सामने हरणे हीच प्रकृती. तेव्हा एका सामन्याच्या निकालावरून स्वतःची किंमत ठरवू नये.

वही आणि तिचे रकाने

दुसऱ्या दिवशी मी त्याला जुनी आडव्या रेघांची वही दिली. रकाने चार: तारीख, निकाल, मी कसा पडलो, माझी चूक कोणती. साथीदारांच्या चुकांसाठी रकाना मुद्दाम ठेवला नाही. दुसऱ्याच्या खात्यावर आपण सही करू शकत नाही. प्रारंभी त्याने कुरकुर केली. “आबा, आमच्या संघातले लोकच वाईट खेळतात.” मी म्हणालो, “असतील. पण प्रत्येक सामन्यात संघ बदलतो आणि तू मात्र तोच असतोस. म्हणून वही तुझी.”

वीस सामन्यांनंतर वहीने तिची साक्ष दिली. चुका शेकडो नव्हत्या. तीनच होत्या, आणि त्याच पुनःपुन्हा येत होत्या.

पहिली चूक, धावता धावता गोळी झाडणे. या खेळात धावताना झाडलेली गोळी भरकटते. आधी थांबावे, मग झाडावे. शिवाय कोपरा वळताना त्याचा नेम जमिनीकडे असे आणि शत्रू दिसल्यावर तो वर उचलावा लागे. नेम आधीच डोक्याच्या उंचीवर धरला, तर उचलण्याचा वेळ वाचतो. आकडा पाहा: पूर्ण चिलखत घातलेल्या खेळाडूची शक्ती १५० असते. व्हँडल नावाच्या बंदुकीची डोक्यावरील गोळी १६० चा आघात करते, तर अंगावरील केवळ ४० चा. म्हणजे एकीकडे एका गोळीत काम, दुसरीकडे चार गोळ्या. हात चपळ नसला तरी चालतो, नेमाची जागा पक्की हवी. यासाठी माउसची संवेदनशीलता बेताची ठेवावी आणि एकदा ठरवल्यावर ती रोज बदलू नये.

दुसरी चूक पाहिली तेव्हा माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. या खेळात प्रत्येक डावापूर्वी शस्त्रे विकत घ्यावी लागतात. पहिल्या डावात हाती ८०० क्रेडिट असतात. डाव जिंकल्यास ३००० मिळतात. हरल्यास सामान्यतः १९००, सलग दुसऱ्यांदा हरल्यास २४००, त्यापुढे २९००. व्हँडलची किंमत २९०० आणि पूर्ण चिलखताची १०००, मिळून ३९००.

आता हिशेब करा. पहिला डाव हरलो, ८०० खर्च झाले, हाती १९०० आले. नातू लगेच १६०० ची मधली बंदूक घेई. उरले ३००. तो डावही हरला की २४०० मिळून होत २७००, आणि तिसऱ्या डावात चिलखत तर दूरच, व्हँडलही परवडत नसे. दुसऱ्या डावात हात आखडता घेतला असता, तर १९०० अधिक २४०० म्हणजे ४३०० झाले असते आणि तिसऱ्या डावात तो पूर्ण सज्ज उतरला असता. त्याहून मोठी गोम अशी, की साथीदार बचत करीत असताना हा एकटा खर्च करी आणि ते खर्च करीत तेव्हा हा रिकाम्या हाताने उभा राही. संघाने वाचवायचे तर पाचही जणांनी वाचवावे, खर्चायचे तर पाचही जणांनी खर्चावे. खरेदीच्या वेळी साथीदारांच्या शिलकीचे आकडे पडद्यावर दिसतात. ते वाचण्यास दोन सेकंद पुरतात. नवशिक्याला याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही, कारण तिला चपळाई लागत नाही.

तिसरी चूक, एकट्याने पुढे जाणे. एकटा गेलेला एकटाच पडतो आणि उरलेले चार जण पाचांशी झुंजतात. साथीदाराच्या दोन पावले मागे राहावे. तो पडला, तर शत्रूची जागा कळलेली असते आणि आपण तत्काळ उत्तर देऊ शकतो. धावण्याचा आवाज शत्रूला ऐकू जातो, सावकाश चालण्याचा जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

पात्राची निवड

नातू जेट किंवा रेना ही पात्रे घेई, कारण चित्रफितींत तीच झळकतात. पण रेनाच्या बहुतेक विद्या शत्रू पडल्यानंतरच उपयोगी येतात. ज्याला अद्याप शत्रू पाडता येत नाही, त्याच्या हाती ती म्हणजे बंद कुलूप. मी विचारले, “नेम चुकला तरी संघाच्या उपयोगी पडेल असे कोणी नाही का?” थोडा विचार करून तो म्हणाला, “सेज आहे.” सेज साथीदाराच्या जखमा भरते, भिंत उभारून वाट अडवते आणि पुरेशी शक्ती साठली की पडलेल्या साथीदाराला पुन्हा उभे करते. धुराचे पडदे टाकणारा ब्रिमस्टोनही नवशिक्याला सोपा. ही दोन पात्रे धरून तो महिनाभर खेळला. पात्र रोज बदलणाऱ्याला कोणतीच विद्या अंगवळणी पडत नाही.

घरातील प्रश्न

येथे वाचकांच्या मनात येणारा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीही विचारला: “आपल्या घरात बंदुकीचा खेळ कशाला?” प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकला नाही. पडद्यावर जीव नसतो, हे खरे. पण आपल्याकडे भावांचाही हिशेब धरला जातो. म्हणून आम्ही एक कसोटी ठरवली. खेळ संपल्यावर मनात राग उरत असेल, तर त्या दिवशी खेळ बंद. सलग दोन सामने हरला की तिसरा नाही. रात्री वहीत चूक लिहिणे हे त्याच्या आजीला प्रतिक्रमणासारखे वाटले आणि तिचा विरोध थोडा मावळला. युरोपमध्ये या खेळाला १६ वर्षांवरील वयाची श्रेणी आहे; त्याहून लहान मुलांच्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा. ज्या घराला हा खेळ नकोच वाटेल, त्याच्याशी माझा वाद नाही.

दुसरी अडचण जेवणाची. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी पाने घेतली जातात. हाक मारली की नातू “पाच मिनिटे” म्हणे आणि अर्धा तास येत नसे. मी त्याला उद्धटपणा समजत होतो. नंतर कळले, की सामना साधारण अर्धा ते पाऊण तास चालतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. उठून गेल्यास चार साथीदारांचे नुकसान होते आणि खेळाडूला दंड म्हणून काही काळ खेळण्यास मज्जाव होतो. तेव्हा नियम केला: सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत नवा सामना सुरू करायचा नाही. भांडण त्याच दिवशी मिटले. वीज जाण्याचा धोका असेल तेव्हाही सामना सुरू करू नये, आणि शक्य असल्यास इंटरनेट वाय-फायऐवजी तारेने जोडावे.

एके रात्री हेडफोन बाजूला होता आणि कोणा अनोळखी मुलाचा आवाज खोलीत घुमला. तो नातवाला आईवरून शिव्या देत होता. माझे रक्त तापले. नातवाने शांतपणे एक कळ दाबून तो आवाज बंद केला, तक्रार नोंदवली आणि खेळ चालू ठेवला. उत्तर न देता आवाज बंद करणे, हीच नवशिक्याने सर्वांत आधी शिकण्याची कळ आहे. समता वगैरे मी आयुष्यभर ऐकत आलो. त्या रात्री ती मी सतरा वर्षांच्या मुलाकडून पाहिली.

पैशांविषयी दोन शब्द. या खेळात बंदुकांच्या रंगीत आवरणांची विक्री होते आणि ती महाग असतात. त्यांनी नेम सुधारत नाही. श्रेणी वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. आजोबांच्या मोबाइलचा यूपीआय पिन नातवांना सांगू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. हा भेद प्रत्येक घराने समजून घ्यावा.

शिल्लक

रोज दहा मिनिटे सराव-मैदानात नेमबाजी, मग दोन सामने, मग वही. जूनच्या अखेरीस नातू आयर्नमधून ब्रॉन्झमध्ये आला. म्हणजे नवापैकी दुसरी पायरी. मोठी मजल नव्हे. पण ताटावरून अर्धवट उठणे थांबले.

दरम्यान प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. भीती खरी ठरली. गुण कमी पडले. तो दिवसभर गच्चीवर बसून होता. मी काही बोललो नाही. आठवड्याने तो पुण्याला निघाला तेव्हा पिशवी भरताना तीच वही माझ्या हाती आली. मागच्या पानांवर त्याने नवे रकाने आखले होते: विषय, प्रश्न, मी काय लिहिले, माझी चूक कोणती. भौतिकशास्त्राच्या पेपरातील बारा प्रश्न उतरवून झाले होते. बारापैकी सातांपुढे एकच शेरा होता: ‘प्रश्न पूर्ण न वाचता धावलो.’

मी वही पिशवीत ठेवली आणि वर आजीने दिलेला लाडवांचा डबा ठेवला.