बालमस्तिष्क आणि औषधमात्रा

बालक म्हणजे लघुरूप प्रौढ नव्हे, हे कौमारभृत्याचे मूळ सूत्र होय. काश्यपसंहितेने जातमात्र बालकासाठी विडंगफळाएवढी मात्रा सांगितली व ती मासागणिक वाढविण्यास सुचविले. आधुनिक मेंदूविज्ञान याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते: वयानुसार द्रव्याच्या परिणामाची दिशाही पालटू शकते.

‘गाबा’ हे प्रौढ मेंदूतील प्रमुख शामक रसायन. ते पेशीवरील ग्राहीस जोडले जाताच क्लोराइड आत शिरते व पेशी शांत होते. परंतु १९८९ मध्ये पॅरिस येथे बेन-आरी व सहकाऱ्यांना नवजात उंदरांच्या मेंदूत तेच गाबा पेशींना उद्दीपित करताना आढळले. अपक्व पेशीत क्लोराइडचा साठा अधिक असतो; ग्राही उघडताच ते बाहेर पडते. पुढे क्लोराइड बाहेर टाकणारे ‘केसीसी२’ प्रथिन वाढते आणि गाबा शामक ठरते.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाबाग्राहीवर कार्य करणाऱ्या फेनोबार्बिटलने ३० पैकी केवळ १३ नवजातांचे आक्षेप आटोक्यात आले. ग्राहींची अपक्वता हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

जायफळ याच मार्गाने कार्य करते, असे येथे म्हणावयाचे नाही. तथापि ‘बाळ झोपत नाही’ म्हणून घुटीत जायफळाचे वळसे वाढवू पाहणाऱ्या मातेस वैद्याने वा औषधविक्रेत्याने सहज होकार देऊ नये. आधी बाळाचे वय विचारावे, मग न झोपण्याचे कारण शोधावे. द्रव्याचा विचार त्यानंतर.