सहा मंडळ्या, एक छप्पर

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरात विचारून पाहा, तुम्ही अमक्याच पंथाचे कसे? उत्तर धर्मशास्त्रात सापडायचं नाही. ते सापडेल नकाशात.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचलं. ते काँग्रिगेशनल परंपरेतलं, म्हणजे प्रत्येक गावची मंडळी आपल्या कारभाराची मुखत्यार. मुंबई-पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी प्रेस्बिटेरियन. त्यांचा कारभार वडीलमंडळींच्या सभेकडे. नाशिकजवळ शरणपूर वसवणारे अँग्लिकन, त्यांच्यात बिशपाचा शब्द चाले. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, डहाणूकडे ब्रदरेन. एकाने दुसऱ्याच्या वावरात नांगर घालायचा नाही, असा या मिशनांमध्ये समझोता होता. तो दर वेळी पाळला गेला असं नाही. १८७०च्या दशकात खुद्द नगरलाच अँग्लिकनांचं एस.पी.जी. मिशन आलं आणि कुरबुरी सुरू झाल्या. तरी एकंदरीत माणसाचा पंथ ठरला तो तालुक्यावरून. सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपातली भांडणं अशी इथल्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या वाट्याला वारसाहक्काने आली.

हा वारसा नको, असं म्हणणारा आवाज आधी दक्षिणेतून उठला. मे १९१९ मध्ये तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत काही पाळक जमले, बहुतेक भारतीय. दोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरिया त्यांचे पुढारी. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या फुटी आम्ही पाडल्या नाहीत आणि आम्हाला त्या नकोत. तिथून निघालेली वाट २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियापर्यंत गेली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. अझरिया मात्र १९४५च्या जानेवारीतच वारले होते.

त्याच मे १९१९ मध्ये मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं निधन झालं. त्यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारा बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला दरबारात जागा होती. पंथांची बेरीज करत बसण्यापेक्षा कुंपणच उचलावं, असा तो विचार. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही.

उत्तरेतल्या वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या आणि तब्बल ४१ वर्षं चालल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झालं. त्यात सहा मंडळ्या आल्या. एक अँग्लिकन. दुसरी काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांची १९२४ पासून आधीच एकत्र असलेली मंडळी. शिवाय बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, ज्यांची संख्या मोठी होती, ते मात्र अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरले.

४१ वर्षं नेमकी कशात गेली हे बाप्तिस्म्याच्या एका प्रश्नावरून कळतं. अँग्लिकन पाळक तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालतो. बॅप्टिस्टांच्या मते ज्याला श्रद्धा कळते त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा, तोही नदीत किंवा हौदात पूर्ण बुडून. एकाच्या दृष्टीने दुसऱ्याचा विधी कच्चा. सी.एन.आय.ने दोन्ही रीती मान्य केल्या. बाळाला बाप्तिस्मा द्या, नाहीतर त्याचं समर्पण करा आणि बाप्तिस्मा मोठेपणी द्या. दोघांनीही जाणत्या वयात मंडळीसमोर उभं राहून आपली श्रद्धा बोलून दाखवायची. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा बुडवून घ्यायचा हट्ट धरला तर? तिथे गाडी अडत होती. असं प्रकरण बिशपांपर्यंत न्यावं, असं ठरलं.

पाळकांच्या दीक्षेचाही पेच होता. बिशपाच्या हातून दीक्षा न झालेला पाळक अँग्लिकनांच्या लेखी अपुरा. दक्षिणेने तो प्रश्न काळावर सोपवला आणि पुढे कितीतरी वर्षं अँग्लिकन जगाकडून संशयाच्या नजरा झेलल्या. उत्तरेने प्रारंभीच सगळ्यांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्या सेवेत जे उणं असेल ते देवाने भरून काढावं, अशी ती प्रार्थना. कोणाचं काय उणं, हे मुद्दामच उच्चारलं नाही. काहींनी याला चतुराई म्हटलं. मला त्यात शहाणपण दिसतं. दोन घरं एक करताना कोणाचा उंबरठा खरा यावर वाद घालत बसलं, तर आत कोणीच जात नाही.

श्रद्धा जुळली तरी जमिनीचे कागद जुळतातच असं नाही. मिशनांच्या शाळा, दवाखाने, बंगले वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर होते. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये निकाल लागला, की मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला ट्रस्ट नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने संपत नाही. थोडक्यात, १९७० मध्ये माणसं एक झाली, सातबारा नाही. एकीविरुद्धचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला इथे दिसतो. संस्था जितकी मोठी, तितकी तिची मालमत्ता मोठी आणि खुर्चीचा मोहही.

मग पंथ वेगळे असावेत की एक? माझी कसोटी प्रभुभोजनाची आहे. रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल यांनी १०५४ मधले परस्परांवरचे बहिष्कार १९६५ साली मागे घेतले. कॅथलिक आणि लुथरन यांनी १९९९ मध्ये, ज्या मुद्द्यावर धर्मसुधारणेचा वाद पेटला होता, त्यावर संयुक्त घोषणा केली. तरीही त्यांची भाकर अजून एका मेजावर मोडली जात नाही. वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट दोघेही मराठीत प्रार्थना करतात, पण भोजनाला आपापल्या वेदीकडे जातात. सी.एन.आय.ची खरी कमाई तिच्या घटनेपेक्षा या मेजात आहे. बुडवून घेतलेला आणि शिंपडून घेतलेला तिथे शेजारी गुडघे टेकतात.

आणि जे त्या छपराखाली आले नाहीत त्यांचं काय? रविवारी सकाळी नगरमध्ये सी.एन.आय.च्या, मेथडिस्टांच्या, साल्व्हेशन आर्मीच्या मंडळीत डोकावून पाहावं. पाळक वेगळे, कारभार वेगळा, बिशप कुठे आहे, कुठे नाही. गाण्याची वेळ झाली की मात्र टिळकांची पदं सगळ्यांच्याच ओठांवर येतात. पेटी काळी चार की काळी पाच, यावर मात्र दर मंडळीत वाद आहेच.