मेहरूण तलावाकाठची सोपी धाव

खानदेशाला समुद्र नाही. तापी अरबी समुद्राला मिळते तीही सुरतेजवळ, त्यामुळे जळगावच्या धावपटूला पाण्याकाठी धावायचे तर मेहरूण तलावच जवळचा ठरतो. सोपी धाव, म्हणजे धाप न लागता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकी संथ धाव, तिच्यासाठी तलावाकाठची वाट सोयीची पडते. मात्र पावसाळ्यात कच्च्या पायवाटेवर उतरू नये, कारण कपाशीची काळी माती पाणी शोषून फुगते, बुटांच्या तळाला थरावर थर चिकटत जातो आणि पाय उचलणे जड होते. हिवाळ्यात मेहरूणच्या प्रसिद्ध बोरांमुळे धावेपेक्षा थांबेच अधिक होतात, शिवाय बोरीचा काटा पातळ तळाच्या बुटातून सहज आरपार जातो. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकत असल्याने सूर्योदयापूर्वीच निघावे.