ढगाचा पंचनामा

विधानसभेच्या २०१४च्या निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनला संपत होती. अर्जुन खोतकर यांचे अर्ज तीनच्या आत आले की नंतर, या एका प्रश्नावर पुढे कितीतरी वर्षे न्यायालयीन लढाई चालली. खोतकर २९६ मतांनी निवडून आले होते. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांची भिस्त निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर होती. त्याच्या सीडी मिळाल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही.

मी वकील नाही, संगणकाचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२०चा हा निकाल शब्दकोश शेजारी ठेवून आठवडाभर वाचत होतो, तेव्हा एका मुद्द्याशी अडलो. फोन किंवा लॅपटॉपचा मालक ते यंत्रच घेऊन साक्षीला उभा राहिला, तर मूळ पुरावाच समोर येतो, प्रमाणपत्र लागत नाही. यंत्र एखाद्या जाळ्याचा भाग असून ते न्यायालयात आणणे अशक्य असेल, तर मात्र प्रमाणपत्राला पर्याय नाही. क्लाउडमध्ये तर उचलून आणावे असे एक यंत्रच नसते.

आपला पंचनामा वस्तूवर उभा आहे. वस्तू सापडली, पंचांसमोर सील लागले, मुद्देमाल कपाटात गेला. क्लाउडमधल्या फाइलचे तुकडे आणि प्रती अनेक डिस्कवर, बरेचदा एकाहून अधिक इमारतींत पसरलेल्या असतात. त्याच डिस्कवर इतर गिऱ्हाइकांचाही मजकूर असतो. ती जप्त करणे म्हणजे एका बिऱ्हाडाच्या चौकशीसाठी अख्ख्या चाळीला टाळे लावणे. बिऱ्हाडही रातोरात हलते. तासाच्या भाड्याने घेतलेला आभासी संगणक सोडून दिला, की त्याची मेमरी आणि तात्पुरती साठवण गेलीच. पुसलेली फाइल डिस्कवरून खरवडून काढणे ही डिजिटल न्यायवैद्यकाची जुनी हातोटी इथे फारशी चालत नाही. मजकूर कूटबद्ध असेल आणि किल्लीच नष्ट केली, तर डिस्क हाती येऊनही वाचता येण्याजोगे काही उरत नाही.

म्हणजे पुरावा मागायचा तो कंपनीकडे. डिसेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायदंडाधिकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टला एका खात्यातले ई-मेल देण्याचे वॉरंट काढले. कंपनी म्हणाली, मजकूर डब्लिनला आहे, अमेरिकेचे वॉरंट तिथे लागू होत नाही. २०१६मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केले. मग मार्च २०१८मध्ये अमेरिकेने कायदाच बदलला: मजकूर कोणत्याही देशात ठेवलेला असो, कंपनीच्या ताब्यात असेल तर द्यावा लागेल. (नावाची आद्याक्षरे जुळून ‘क्लाउड’ व्हावे, याची काळजीही घेतली!) अशा कंपनीकडून ई-मेलचा मजकूर हवा असलेल्या आपल्या तपास अधिकाऱ्याला मात्र सहसा दोन देशांमधल्या साहाय्य कराराची लांबची वाट धरावी लागते.

१ जुलै २०२४पासून आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाइलचा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अंक-अक्षरांचा असतो आणि एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा बदलतो. लाखेच्या सीलपेक्षा पक्काच. पण तो घेण्याआधी फाइल कोणाच्या हातून गेली, हे त्याला विचारून उपयोग नाही.

घड्याळाचेही तसेच. क्लाउडमधल्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. जालन्याचे दुपारचे तीन तिथे सकाळचे साडेनऊ दिसतील. पहाटे दीडची घटना आदल्या दिवशीच्या रात्री आठला जाऊन बसेल. तारीखच बदलल्यावर उलटतपासणीत साक्षीदाराचे काय होईल, ते वकिलांना सांगायला नको.

जालन्याच्या प्रकरणात न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले; पण मागणाऱ्याने सर्व प्रयत्न केले असतील, तर कायदा त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा धरत नाही, असेही म्हटले. इतर पुरावाही होता, त्यामुळे निवडणूक रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय टिकला. ही सवलत प्रमाणपत्र न मिळालेल्यासाठी आहे. नोंदच पुसली गेली असेल, तर तिचा काय उपयोग? ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. जालन्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०१७मध्ये लागला, म्हणजे त्या दुपारनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.